सार्डिनियाचा प्रोलागस: हजारो वर्षं खाल्ला तरी उरला, मग संपला कसा?

ओढ्याकाठचा

गेल्या वर्षी मे महिन्यात तुंगनाथला गेलो होतो. देवळाच्या अलीकडच्या वळणावर दम खायला दगडावर टेकलो, तर समोरच्या कपारीतून एक तपकिरी गोळा बाहेर आला. गोल कान, लांब मिशा, शेपटीचा पत्ता नाही. आमच्यातला एकजण ओरडला, "अरे, घूस!" घोडेवाल्याने आमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तो पिका होता, रॉयलचा पिका. दिसायला उंदीर, पण नात्याने सशाचा चुलतभाऊ.

घरी आल्यावर या चुलत्यांची वंशावळ वाचायला घेतली आणि दुसऱ्याच प्राण्यापाशी अडकलो, त्यासाठी हा धागा.

सशांच्या कुळाच्या आज दोनच फांद्या जिवंत आहेत. एका फांदीवर ससे आणि रानससे, दुसरीवर पिका. तिसरी एक फांदी होती, प्रोलागसची. साधारण २ कोटी वर्षांपूर्वीपासून ही मंडळी युरोपात नांदत होती. हळूहळू मुख्य भूमीवरून ती नाहीशी झाली आणि शेवटी भूमध्य समुद्रातल्या दोन बेटांवर एकच जात उरली. बेटं सार्डिनिया आणि कॉर्सिका, जातीचं नाव प्रोलागस सार्डस. हिमयुगात समुद्र खाली गेला की ही दोन बेटं जोडली जायची, म्हणून दोन्हीकडे एकच प्राणी. १८२९ मध्ये वाग्नर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही नुसत्या हाडांवरून. जिवंत प्रोलागस कुठल्याच शास्त्रज्ञाने पाहिलेला नाही.

वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे तुंगनाथच्या पिकाच्या दुप्पट-तिप्पट आणि आपल्या रानसशापुढे पोरगेलं. अंग ठेंगणं आणि भरलेलं.

ओळखायचा तो दातांवरून. सशाला २८ दात, पिकाला २६, प्रोलागसला २४. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला नाहीच. तिच्या अलीकडची दाढ मात्र तीन पाकळ्यांची, जणू दोघींनी मिळून एकच खोली घेतली. आणि या सगळ्या कुळाची खूण म्हणजे वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे लपलेली छोट्या दातांची दुसरी जोडी. उंदीर, घूस, खार यांना ती नसते. मेलेला प्राणी सशाच्या घरचा की उंदराच्या, हे एवढ्यावरून कळतं.

आता मुद्द्याचं. बेटांवरचे प्राणी कसे संपतात याची एक ठरलेली गोष्ट असते. माणूस होडीतून उतरतो, प्राणी भाबडे असतात, काठीने मारले जातात, दोन-चार पिढ्यांत खेळ खलास. प्रोलागस या गोष्टीत बसत नाही. या बेटांवर माणसं आली त्याला दहा हजार वर्षं होत आली आणि आल्यापासून ती प्रोलागस खात होती. तरी तो पार रोमन काळाच्या आसपासपर्यंत टिकला. मग शेवटी असं काय झालं?

खडीसाखर

वा! वाचतेय. घूस म्हणणारा मित्र म्हणजे तुम्ही स्वतःच ना? :)

ओढ्याकाठचा

@खडीसाखर, वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही.

फटकळ

छान लिहिलंय, पण रहस्यकथा कशाला करताय? माणसानेच खाल्ला. हळू खाल्ला एवढंच. सात हजार वर्षं रोज थोडा थोडा खाल्ला तर डोंगरही संपेल.

वाडीवरची

खात होते हे नक्की कशावरून? हाडं तर गुहेत आपोआपही साठतात. घुबड, कोल्हा, काहीही आणून टाकतं.

ओढ्याकाठचा

@वाडीवरची, अगदी बरोबर शंका. कॉर्सिकाच्या दक्षिण टोकाला बोनिफासिओ गाव आहे. त्याच्या जवळ मोंते लेओने नावाचा एक कातळआडोसा आहे. शेती येण्याच्या आधीचे शिकारी तिथे राहायचे. तिथल्या थरांत प्रोलागसची इतकी हाडं आहेत की प्राण्यांच्या संख्येचा अंदाज अर्ध्या लाखाच्या पुढे जातो. आणि ती भाजलेली आहेत. गंमत म्हणजे हाडं सगळीकडून सारखी जळालेली नाहीत. पायांच्या हाडांची टोकं काळी पडलीत, मधला भाग तसाच. म्हणजे प्राणी अख्खा निखाऱ्यावर ठेवला, जिथे मांस होतं तिथलं हाड वाचलं आणि जिथे नुसती कातडी होती तिथलं करपलं.

या शिकाऱ्यांकडे दुसरं होतं तरी काय? मोठं सावज बेटावर उरलेलं नव्हतं. मासे, पक्षी, कधीतरी किनाऱ्यावर येणारे सील, आणि मग हा अर्ध्या किलोचा जीव, हवा तितका.

वाडीवरची

पटलं. सुका बांगडा चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला की शेपटी आधी जळते, पोटाकडचा भाग नुसता तडतडतो. माझी आजी शेपटी मोडून मांजरीला टाकायची. दहा हजार वर्षांनी कोणी आमच्या परसातली राख चाळली तर बांगड्याचंही असंच काहीतरी लिहील.

फटकळ

अर्धा लाख प्राणी एका आडोशात! हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

मृगजळ

फटकळ, उलटा वाचा ना. इतके खाऊनही पुढची कित्येक हजार वर्षं तो आहेच, म्हणजे भराभर वाढणारा प्राणी असणार. आमच्या सोसायटीत एकाने सशाची जोडी आणली होती. पुढचं सांगत नाही.

ओढ्याकाठचा

@फटकळ, शेजारच्या बेटाशी तुलना करून बघा. स्पेनच्या बाजूला मायोर्का आणि मिनोर्का बेटांवर मायोट्रॅगस नावाचा बुटका बकरीसारखा प्राणी होता. डोळे हरणा-शेळ्यांसारखे बाजूला नव्हेत तर समोर, कारण बेटावर पाठीमागून झडप घालणारं कोणी नव्हतंच. तो कधी संपला? इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात, म्हणजे माणूस तिथे पोचला त्याच सुमारास. ती तुम्ही म्हणता तशी गोष्ट, येतो आणि खलास. प्रोलागसला मात्र शत्रू नवीन नव्हते. बेटावर सायनोथेरियम नावाचा रानकुत्र्याच्या जातीचा शिकारी होता, आकाशात घुबडं आणि गरुड होते. दगडांत दडायचं, बिळात शिरायचं आणि पोरं भरपूर काढायची, हे त्याला येत होतं. माणूस म्हणजे त्याच्या हिशेबात आणखी एक तोंड.

नंतर शेतकरी आले, साधारण इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकात. त्यांच्याबरोबर शेळ्या-मेंढ्या, डुकरं, कुत्री आली. कोल्हाही माणसांबरोबरच आला. जंगल तोडलं गेलं. तरीही प्रोलागस आहेच! शेतकऱ्यांच्या उकिरड्यांतही त्याची हाडं सापडतात.

मग पुरावा कुठे मिळतो, तर घुबडाच्या उलटीत. खरंच. उत्तर कॉर्सिकात मोंते दि तुदा नावाची गुहा आहे. तिथे गव्हाणी घुबडांनी शतकानुशतकं वस्ती केली. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांची गोळी करून ओकतं. त्या गोळ्यांचे थर एकावर एक साचत गेले. म्हणजे घुबडांनी अडीच हजार वर्षांची नोंदवही लिहून ठेवली, रोज रात्री, न चुकता. खालच्या थरांत बेटाचे मूळचे छोटे प्राणी आहेत, म्हणजे तिथला खास रानउंदीर, खास व्होल (आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी), खास चिचुंद्री. वर येता येता काळा उंदीर दिसायला लागतो. हा जहाजांतून आला, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत. त्यानंतर मूळचे प्राणी एकेक करत नोंदवहीतून गळतात. आणि एकटा प्रोलागस नव्हे, त्याच्या आसपास ते सगळेच छोटे शेजारी जातात.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे. माणसाने चवीने खाल्ला असता तर प्रोलागस गेला असता आणि बोटाएवढी चिचुंद्री मागे राहिली असती. चिचुंद्री कोण खातं?

बंड्या बोरिवलीकर

हा 'चिचुंद्री कोण खातं' युक्तिवाद जबरी आहे. फटकळ, बोला.

फटकळ

बोलतो. उंदीर जहाजात चढला तो पोहत आला होता का? धान्याची जहाजं कोणाची? रान नांगरलं कोणी? मांजरं, मुंगसासारखी ती वीझल्स कोणी आणली? काठीने मारलं काय आणि घरात पाहुणे सोडून मारलं काय, खून तो खूनच.

ओढ्याकाठचा

हे मान्य. मी माणसाला निर्दोष सोडत नव्हतो, फक्त हत्यार कोणतं ते शोधत होतो. खाण्यावर मी फुली मारतो. उंदीर पिल्लं खातो आणि चाराही खातो. नव्या प्राण्यांबरोबर नवे रोग येतात. रोमनांच्या काळात शेती पसरली तशी आडोशाची जागाही घटली. यातलं एकेक झालं असतं तर त्याने सोसलं असतं. सगळं दोन-चार शतकांत एकदम आलं.

सुरतेतला सावंत

थोडं अवांतर, पण कुळाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची खाण आहे. तिथे सापडलेल्या घोट्याच्या आणि टाचेच्या हाडांवर २००८ मध्ये शोधनिबंध आला होता. वय सुमारे ५.३ कोटी वर्षं. ती सशाच्या कुळातली निघाली, जगातल्या अगदी जुन्यांपैकी. काम करणाऱ्यांत आपले भारतीय शास्त्रज्ञही होते. हाडं एवढीशी, नखावर मावतील.

खडीसाखर

म्हणजे ससा मूळचा गुजराती! तरीच कासवाबरोबरच्या व्यवहारात तो झोपला यावर माझा विश्वास बसत नव्हता.

ओढ्याकाठचा

@सावंत, मस्त माहिती. मला हे ठाऊकच नव्हतं. त्या काळी भारत आशियाला नुकता धडकत होता, त्यामुळे 'मूळचा इथला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण टाचेच्या हाडावरून ससा ओळखणारी माणसं म्हणजे कमाल आहे. आपण चिकन खाताना तंगडी कुठली आणि पंख कुठला यात चुकतो.

मृगजळ

प्रोलागसला पिका म्हणायचं की नाही? काही ठिकाणी 'सार्डिनियन पिका' असं दिसतं.

ओढ्याकाठचा

आधी पिकाच्याच घरात टाकायचे. आता हाडांतून डीएनए काढून तपासलाय. त्यावरून पिका आणि प्रोलागस यांच्या वाटा साधारण ३ कोटी वर्षांपूर्वीच फुटल्या असं दिसतं. जवळचा नातेवाईक पिकाच, पण एवढ्या जुन्या वाटणीनंतर सातबारा वेगळा धरायला हवा. म्हणून प्रोलागसचं कुटुंब स्वतंत्र मानायचं.

आणखी एक. प्रोलागसचीच एक जुनी जात ओएनिंगनची. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं हे गाव दगडाच्या खाणींमुळे गाजलं. याच खाणींतल्या एका सांगाड्याला १७२६ मध्ये शॉयख्त्सर नावाच्या विद्वानाने 'महाप्रलयात बुडालेला पापी माणूस' म्हटलं होतं. तो निघाला मोठ्ठा सॅलमँडर! तेव्हा आमच्या मित्राने पिकाला घूस म्हटलं त्यात काही मोठा गुन्हा नाही.

पायवाट

कोणी जिवंत पाहिल्याची नोंद अजिबातच नाही? रोमन लोक तर सगळं लिहून ठेवायचे.

ओढ्याकाठचा

दोन नोंदी आहेत, आणि दोन्हींवर भांडणं आहेत.

पहिली पॉलिबियसची. हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. कॉर्सिकाबद्दल आधीच्या एका लेखकाने थापा मारल्यात असं सांगताना तो म्हणतो की तिथे रानससे नाहीत. पण 'किनिक्लोस' नावाचा प्राणी आहे. लांबून छोट्या सशासारखा दिसतो, हातात धरला की रूपही वेगळं आणि चवही वेगळी. बराचसा वेळ जमिनीखाली असतो. आता 'किनिक्लोस' हा शब्द बिळात राहणाऱ्या सशाच्याच अर्थाचा, त्यामुळे बरेच जण म्हणतात की तो साधा ससाच. पण काळ जुळतो, जागा जुळते, वर्णनही जुळतं. मला तो प्रोलागस वाटतो. सिद्ध करता येणार नाही, पण वाटतो.

दुसरी नोंद चेत्तीची. फ्रान्चेस्को चेत्ती हा जेझुइट पाद्री सार्डिनियात सासारीच्या विद्यापीठात गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात प्राणी-पक्षी बघायचा. १७७४ मध्ये त्याने सार्डिनियाच्या चतुष्पादांवर पुस्तक छापलं. त्यात ताव्होलारा या छोट्या बेटावरच्या मोठमोठ्या उंदरांचा उल्लेख आहे. त्यांची बिळं इतकी, की डुकरांनी नुकतीच जमीन उकरलीय असं वाटावं. यावरून काही लोक म्हणतात की प्रोलागस १७७४ पर्यंत जिवंत होता.

बंड्या बोरिवलीकर

थांबा, चेत्ती म्हणजे सेटीज वॉर्बलरवाला? पक्षी बघणाऱ्यांच्या यादीत हा असतो. मला इतकी वर्षं वाटायचं की चेट्टी म्हणून कोणी तमिळ गृहस्थ असतील.

ओढ्याकाठचा

तोच! पक्ष्याला त्याचंच नाव दिलंय.

मिलानवाली मावशी

किती दिवसांनी माझ्या उपयोगाचा धागा! आम्ही दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ताव्होलाराला गेलो होतो. पोर्तो सान पाओलोहून छोट्या बोटी सुटतात. बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेली चुनखडीची भिंत, पाचशे मीटरच्या वर उंच. एका टोकाला वाळूची जीभ आहे, तिथे दोन-तीन खानावळी आणि छोटी दफनभूमी. पायाखाली सगळा दगड आणि काटेरी झुडपं. डुकराने उकरल्यासारखी जमीन दिसायला आधी जमीन तर हवी, असं मला हे वाचताना वाटलं. अर्थात आम्ही फिरलो ते सपाट टोकावर. पलीकडच्या अर्ध्या बेटावर लष्कराचा ताबा आहे, तिकडे जाऊच देत नाहीत.

बोटवाल्याने सोन्याच्या दातांच्या रानशेळ्यांची गोष्ट ऐकवली. तिथल्या कुठल्याशा झुडपाने शेळ्यांचे दात पिवळे होतात म्हणे. राजा-राणीची गोष्टही ऐकवली, कारण तिथलं एक कुटुंब स्वतःला बेटाचा राजा म्हणवतं. मोठ्या उंदराचं मात्र नाव नाही. माझ्या मोडक्या इटालियनमध्ये मी तेव्हा विचारलं असतं तरी त्याने मला खानावळीचा पत्ता दिला असता.

फटकळ

चला, एका गोष्टीवर माझं आणि ओढ्याकाठच्याचं जमेल. चेत्तीचे उंदीर म्हणजे शशशृंग.

ओढ्याकाठचा

शशशृंग! विषयाला धरून शिवी दिलीत. पण हो, माझंही मत तेच. चेत्ती 'उंदीर' म्हणतो. शेपूट नसलेला प्राणी त्याच्यासारख्या बारीक नजरेच्या माणसाने पाहिला असता तर शेपटीबद्दल एक वाक्य तरी लिहिलं असतं. ताव्होलारावर काळे उंदीर भरपूर होते, त्यांचीच ती बिळं असणार. धोक्यातल्या आणि संपलेल्या प्राण्यांची जी जागतिक लाल यादी असते, तिच्यात प्रोलागस 'नामशेष' या रकान्यात आहे.

मिलानवाली मावशी

आणखी एक. ओलिएनाला गेलो होतो वाइनसाठी. तिथे जवळ कोर्बेद्दू नावाची गुहा आहे, ती या प्राण्याचीच का? आम्हाला तर सांगितलं की कोर्बेद्दू हा एकोणिसाव्या शतकातला दरोडेखोर, तिथे लपायचा.

ओढ्याकाठचा

हो मावशी, तीच! दरोडेखोराच्या नावाची गुहा. तिथे प्रोलागसच्या हाडांचा खच आहे. तुम्ही त्याच्या दारात जाऊन वाइन पिऊन आलात. या प्राण्याचं नशीब एका बाबतीत बरं, त्याची हाडं दुर्मीळ नाहीत. अमेरिकेच्या मेरी डॉसन यांनी १९६९ मध्ये त्याच्या सांगाड्यातल्या हाडांचं बारकाईने वर्णन छापलं. कित्येक नामशेष प्राण्यांचा नुसता एक जबडा असतो हातात. याचं उलटं आहे. पायाच्या बोटांपर्यंत सगळं माहीत आहे आणि रंग माहीत नाही, आवाज माहीत नाही. तुंगनाथचा तो पिका आत शिरण्याआधी एकदा चिरकला होता. प्रोलागस चिरकायचा का, हे हाडावरून कसं कळणार.

खडीसाखर

चंद्रावर पाहा, तिथे एक बसलाय. उगाच नाही शशांक म्हणत. कान मात्र लांब आहेत.

पायवाट

+१. पुढचा धागा त्या समोर डोळे असलेल्या बकरीवर येऊ दे.

वाडीवरची

काल हे सगळं वाचलं आणि आज सकाळी भावाला घेऊन मांगराच्या माळ्यावर चढले. तिथे गव्हाणी घुबडाची जोडी असते, रात्री फिस्स करून घाबरवते. खाली काळ्या गोळ्या पडलेल्याच असतात, आम्ही आजवर झाडून टाकायचो. दोन आणून कोमट पाण्यात भिजत घातल्या. टाचणीने सोडवल्या. एकीत कवट्या तीन निघाल्या, दोन चिंचेच्या बोटकाएवढ्या आणि एक मोठी. लहान दोन्हींचे दात पांढरे आणि टोकदार, सगळे सारखेच. मोठीच्या पुढच्या दोन दातांचा रंग हळदीसारखा. फोटो कसा चढवायचा इथे?

ओढ्याकाठचा

व्वा! लहान दोन्ही चिचुंद्र्या असाव्यात. मोठीचे वरचे पटाशीचे दात बघा, त्यांच्या मागे चिकटून आणखी दोन बारीक दात आहेत का? नखाने चाचपा, नुसतं वरून बघून कळत नाही.

वाडीवरची

भावाने भिंग आणलं. मागे काही नाही, नुसती पोकळी आहे.

ओढ्याकाठचा

मग उंदीर.

वाडीवरची

उंदीरच. दुसरी गोळी अजून भिजतेय.